रुखवतातल्या चपला

"ह्या कोण बायका?" मी शिपायाला विचारलं.

हॉलच्या भिंतीवर ओळीनं चकचकीत फ्लेक्स लागले होते. प्रत्येकावर तीच एक गोरीपान बाई. अंगात काळा कोट, केस मोकळे, हातात लॅपटॉप. वर इंग्रजीत 'माय ड्रीम, माय स्ट्रेंथ'. आणि त्या बाईच्या पायाखाली आमच्या वर्गातल्या बायकांची नावं. एकीखाली पारूबाई. दुसरीखाली शेवंता. तिसरीखाली मंगल.

शिपाई स्टुलावरूनच म्हणाला, "आपल्याच की मॅडम. खाली नाव हाय न्हवं?"

"आणि बायकांनी केलेले फलक कुठायत?"

"ते सरांनी काढाय लावले."

बेळगावहून पाहुणे यायला तासभर राहिला होता. माझं टाळकंच सटकलं. मी शांत स्वभावाची बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी माझ्या जागी अगदी गरीब गाय असती तरी तिनं शिंगं रोखली असती.

मी निपाणीच्या एका प्रौढ शिक्षण केंद्रात शिकवते. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका आमच्याकडे येतात. बहुतेकींचा जन्म बिड्या वळण्यात गेलेला. आता ते काम कमी झालंय, पोरं हाताशी आलीत, म्हणून नोकरी शोधायला बाहेर पडलेल्या. त्यांना मुलाखतीसाठी तयार करायचं, हे माझं काम. ह्याला करिअर काउन्सेलिंग म्हणतात. नाव भारी आहे. प्रत्यक्षात मी दोनच प्रश्न विचारत असते. तुला काय चांगलं येतं? आणि तुला काय व्हायचंय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं. "मला काय येतंय मॅडम? काय न्हाय."

घरात खंडीभर माणसांचा स्वयंपाक करणारी, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं काढणारी, गल्लीची भिशी चोख चालवणारी बाई म्हणते, काय न्हाय. तेव्हा मला तिचा राग येत नाही. जन्मभर ज्यांनी तिच्या डोक्यात हे भरलं, त्यांचा येतो.

म्हणून आम्ही फलक करून घेतो. एक मोठा पुठ्ठा. डावीकडे स्ट्रेंथ, म्हणजे मला काय येतं. उजवीकडे गोल, म्हणजे मला कुठं पोचायचंय. लिहायचं नाही. चित्र काढायचं, कापून चिकटवायचं, काय वाटेल ते. मुलाखतीत साहेबाकडं बघितलं की ह्या बायकांची वाचा बसते. पण हातात स्वतःचा फलक असला की बोट चित्रावर जातं, आणि बोटामागून जीभ सुटते. हा माझा अनुभव आहे, पुस्तकातलं ज्ञान नाही.

ह्या वेळच्या बॅचला पुठ्ठे वाटले, स्केचपेन दिले. सगळ्यांनी वर स्वस्तिक काढलं, कडेनं रांगोळीची नक्षी काढली आणि मधली जागा कोरी ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मग पारूबाई, वर्गातली सगळ्यात वडील, एकदम म्हणाली, "मॅडम, म्हंजे रुखवतच की ओ हे!"

मला ते फार आवडलं. खरंच होतं. आमच्या बायकांना आपल्या हातचं चार लोकांसमोर मांडायची आजवर तेवढी एकच जागा मिळालेली. मी म्हटलं, "व्हय, रुखवतच. पण सासरच्यांसाठी न्हाय, कंपनीसाठी."

दुसऱ्या दिवशी फलक भरून आले. आणि रुखवताच्या रीतीनंच भरून आले. रुखवतात नवरीच्या नावानं मांडलेलं निम्मं सामान मावशीनं, वहिनीनं, शेजारणीनं केलेलं असतं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. तसंच झालं. शेवंतानं भावजयीनं विणलेलं तोरण चिकटवलं होतं. पारूबाईनं लेकीनं मण्यांचा केलेला मोर आणला. मंगलच्या फलकावर लोकरीचा ससा.

"मंगल, हा ससा कुणी केला?"

"जावंनं."

"मग नोकरी जावेला द्यायची काय?"

वर्ग हसून लोळायला आला. मंगलही हसली, पण मग सशाकडं बघत बसली. "खरं सांगू का मॅडम, मला विणकाम येत न्हाय, भरतकाम येत न्हाय. मी काय लावू?"

आमच्या भागात बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. मंगलही तशीच. चाळिशीची, बारीक चणीची, नवरा वारलेला, एक लेक कॉलेजात. लहानपणापासून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, त्यानं कंबर कायमची धरलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. म्हणजे बिड्या बंद. आणि झाडू-पोछाही बंद. तिला खुर्चीत बसून करायचं काम मिळालं तरच घर चालणार होतं. बेळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलची माणसं आमच्या बायका बघायला येणार होती. त्यांना हाउसकीपिंगला बऱ्याच बायका पाहिजे होत्या. आणि हेल्प डेस्कला एकच. हेल्प डेस्क म्हणजे दारात टेबल टाकून पेशंटला कुठं जायचं, कुठला कागद भरायचा हे सांगणारं माणूस.

मी म्हटलं, "गल्लीत तुला कशासाठी हाका मारतात?"

"कशासाठी म्हंजे? सोबतीला. बँकेत, तहसीलात, दवाखान्यात. मला कन्नड येतंय न्हवं, लिवाय-वाचाय बी येतंय. बाकीच्यांस्नी फॉर्म कळत न्हाय."

"मग हे काढ की!"

तिनं काढलं. दारंच दारं. बँकेचं, तहसीलाचं, शाळेचं, पोलीस ठाण्याचं, दवाखान्याचं. माणूस एकही नाही, कारण तिला माणसं काढता येत नव्हती. प्रत्येक दाराबाहेर चपलांचे दोन जोड. एक तिचा, निळ्या पट्ट्याचा. दुसरा प्रत्येक ठिकाणी वेगळा. कुठं झिजलेला, कुठं पट्टा पिनेनं जोडलेला.

"चपला बाहेर का?" मी विचारलं.

"आत कशा घालून जायच्या मॅडम? साहेब असत्यात."

बँकेत कोण चपला काढतं? कुणी नाही. पण आमच्या बायका काढतात. फरशी बघितली, आत टेबलामागं साहेब बघितला, की पायातलं आपोआप सुटतं. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. माझ्या शाळेच्या ऑफिसात ती यायची तेव्हा चपला दाराबाहेर काढायची, आणि आत मास्तर बूट घालून बसलेले असायचे. मी तेव्हाही चिडायची. आई म्हणायची, गप बस गं. मी अजून गप बसलेली नाही.

फलकाच्या उजव्या बाजूला मंगलनं एक टेबल काढलं. टेबलाखाली दोन पाय. पायांत निळ्या पट्ट्याच्या चपला.

एवढंच. माझ्या सगळ्या नोकरीत इतका चांगला फलक मी बघितलेला नाही. आणि तोच त्या सकाळी भिंतीवर नव्हता.

मी तडक केंद्रप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, बायकांचे फलक का काढले?"

सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "मॅडम, जरा स्टँडर्ड नको का? बेळगावहून लोक येणार. भिंतीवर काय, तर चपला! तिथंच आपण दीपप्रज्वलन करणार. समईशेजारी चपला लावायच्या?"

"चित्रातल्या चपला आहेत सर."

"चपला त्या चपलाच."

"आणि फ्लेक्सवर गोल कुणी लिहिले? मंगलच्या नावाखाली हाउसकीपिंग लिहिलंय. कुणाला विचारून?"

"डिझायनरला नाव आणि शिक्षण पाठवलं होतं. दहावीच्या आतल्या सगळ्या हाउसकीपिंग, दहावी झालेल्या टेलरिंग. सुटसुटीत झालं की."

"सुटसुटीत? त्या बायका आहेत सर, धान्याची पोती नव्हेत!"

"मॅडम, आवाज."

"माझ्या आवाजाचं राहू द्या. ते फ्लेक्स उतरवा."

आता त्यांनी मान वर केली. "भिंतीला हात लावायचा नाही. ही ऑर्डर समजा. आणि एवढं काय त्यात? पाहुणे येता-जाता बघणार. डेकोरेशन आहे ते."

डेकोरेशन! पंधरवडाभर एकेकीच्या मागं लागून, रडवून, हसवून जे बाहेर काढलं, ते ह्यांना डेकोरेशन. तिथं आणखी थांबले असते तर हातून काहीतरी फुटलं असतं. मी बाहेर आले.

फलक सापडले मागच्या खोलीत. केटररच्या माणसानं ते टेबलावर अंथरले होते, आणि मंगलच्या फलकावर भज्यांची परात ठेवली होती. मी परात उचलली. तहसीलाच्या दारावर तेलाचा हा एवढा डाग.

"अहो, हे काय केलंत?"

"रद्दी हाय म्हणाले सर," तो बिचारा म्हणाला. त्याचा काय दोष? पण शिव्या त्यानंच खाल्ल्या.

तोवर बायका आल्या. काठापदराच्या साड्या, केसांत आबोली, लग्नाला आल्यासारख्या नटलेल्या. हॉलमध्ये शिरल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. शेवंताला गंमतच वाटली. "अगं बया! मी केवढी गोरी दिसालोय बघ की!" दोघी-तिघी खिदळल्या. मंगल हसली नाही. तिला इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती. तिनं सावकाश वाचलं. हाउस. कीपिंग.

"मॅडम, हे मी न्हवं."

"मला माहीत आहे गं."

"पाहुण्यांस्नी माहीत हाय का पण? ते हेच वाचणार की." तिनं पदर खोचला. "मी जातो. घरातच बसतो, हुतील तेवढ्या बिड्या वळतो. कंबर जाईल तर जाईल. हितं माझ्या नावावर दुसरीच बाई उभी केलाय तुम्ही."

'तुम्ही' म्हणाली ती. मला ते लागलं. मी काही केलं नव्हतं, पण तिच्या लेखी केंद्र म्हणजे सर आणि मी, दोघंही. संताप इतका होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा आणखी संताप.

पारूबाईनं मंगलचा दंड धरला. "थांब गं, पळतीस कुठं? मॅडम, सर नेमकं काय म्हणाले?"

"भिंतीला हात लावायचा नाही म्हणाले."

"मग? रुखवत कधी भिंतीला लावत्यात व्हय? रुखवत टेबलावर मांडत्यात. पंगतीच्या वाटंवर."

 मी म्हटलं, "चला!"

हॉलमधून चहाफराळाच्या खोलीत जायला एक व्हरांडा आहे. दुसरी वाट नाही. बायकांनी वर्गातली बाकं ओढून तिथं लावली. कुणी गल्लीतून धुतलेल्या चादरी पळवत आणल्या. फलक मांडले. मंगलच्या फलकावरचा डाग पारूबाईनं पिठानं टिपून घेतला, तरी राहिलाच थोडा. मग प्रत्येकजणी आपापल्या फलकामागं उभी राहिली, रुखवताजवळ नवरीकडच्या बायका उभ्या राहतात तशी.

दीपप्रज्वलन झालं. भाषणं झाली. सरांनी फ्लेक्सकडं हात करून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलवली. मग चहासाठी सगळे उठले, आणि व्हरांड्याच्या तोंडाशी पारूबाई दोन्ही हात पसरून उभी.

"रुखवत बघितल्याबिगर च्या न्हाय!"

पाहुणे हसले. लग्नातली रीत इथं सगळ्यांनाच ठाऊक. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार?

हॉस्पिटलच्या एचआर मॅडम, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या बाई, एकेक फलक बघत आल्या. त्या कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजायचं पण जपून बोलायच्या. मंगलसमोर आल्या तशी ती म्हणाली, "बर्री मॅडम." म्हणजे, या. त्या थांबल्या. पुढचं सगळं कन्नडमध्येच झालं.

"हे काय काढलंय? चपला?"

"व्हय."

"हा निळा जोड सगळीकडे आहे. दुसरा कुणाचा?"

मंगलचं बोट पहिल्या दारावर गेलं. "हा आमच्या गल्लीतल्या म्हातारीचा. पेन्शन अडकली होती. हा शेवंताचा, पोराच्या शाळेचा दाखला काढायचा होता. आणि हा दवाखान्यातला. पोराला ताप होता. आईला कन्नड येत नव्हतं, डॉक्टरांना मराठी. आई नुसती रडत होती. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले."

"आणि ह्या?" बाईंनी उजवीकडं बोट दाखवलं.

"ह्या माझ्या. तिथं मी काढलेल्या नाहीत."

बाई त्या टेबलाच्या चित्रावर वाकल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे निपाणी, खानापूर, पार कणकुंबीकडून पेशंट येतात. काउंटरवर रोज भांडणं. आमच्या मुलींना मराठी येत नाही आणि पेशंटला धीर नसतो."

तेवढ्यात सर मध्ये आले. हसत हसत. "मॅडम, हिला आम्ही हाउसकीपिंगला टाकलंय. एज्युकेशन कमी आहे. आणि ह्या लोकांना सवय असते वाकून काम करायची."

मग मात्र माझा तोल गेला.

"सर, वाकून वाकूनच तिची कंबर गेलीय!" चहाकडं निघालेले पाहुणे मागं वळले. "तिला वाकता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? नाही. कारण तुम्ही तिला एकदाही विचारलं नाही. तिनं स्वतः काढलेलं चित्र तुम्ही भज्यांखाली घातलं, आणि तिच्या नावावर लॅपटॉपवाली परकी बाई चिकटवली. हे बघा ह्या डागाकडं. बघा की!"

सरांनी बघितलं नाही. एचआर मॅडमनी बघितलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं आणि मंगलला विचारलं, "डेस्कला ग्रॅज्युएट लागतो. पण मी काही महिने ट्रायल देऊ शकते. याल?"

"येतो," मंगल मराठीतच म्हणाली. बेळगावातच, वडगावात तिची बहीण राहते, घरी माग आहे तिचा. राहायची सोय तिनं आधीच बघून ठेवली होती.

संध्याकाळी सरांनी मला मेमो दिला. पाहुण्यांसमोर उद्धट वर्तन. मी सही करून घेतला. घरी फ्रेम करून लावायचा विचार होता, नवरा नको म्हणाला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माझ्या रागाला इतकी सहज सुटी मिळत नाही. मंगल कामावर हजर व्हायची त्या दिवशी मी बरोबर गेले. स्टोअरमधल्या माणसानं यादी बघितली आणि तिच्या हातात हाउसकीपिंगचा गणवेश दिला. वर मॉप. आमच्या केंद्रानं पाठवलेल्या नावांपुढं जे छापून गेलं होतं, तेच इथंही चढलं होतं.

माझी कानशिलं तापली. मी निघालेच एचआरच्या केबिनकडं. मंगलनं मला मागून धरलं.

"मॅडम, तुम्ही हितं बसा."

"अगं, पण..."

"तुम्हाला लगेच राग येतोय. साहेबांच्या दारात राग चालत न्हाय. मी लई दारं बघितल्यात." तिनं मला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मॉप माझ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. मग एकटीच गेली.

केबिनचं दार काचेचं होतं. बाहेर पायपुसणं. मी तिथंच बघत बसले. दाराबाहेर चपलांचा एकही जोड नव्हता.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात निळा गणवेश, डेस्कवाल्यांचा. "झालं," म्हणाली. "बाईंनी फोन लावून स्टोअरवाल्याला झापलं. आता तुम्ही जावा मॅडम, निपाणीची बस सुटंल." ट्रायल संपली, ती अजून त्याच टेबलामागं आहे. कणकुंबीकडची माणसं आली की नाव घेऊन तिलाच शोधतात म्हणे.

ह्या वर्षीच्या आमच्या केंद्राच्या अहवालाचं मुखपृष्ठ बघितलंत तर त्यावर मंगलचा फलक आहे. चपलांसकट. सरांनीच निवडला. तेलाचा डाग तेवढा कॉम्प्युटरवर पुसून घेतलाय. मी तो अहवाल बघितला आणि परत टेबलावर आपटला.

माझ्या वर्गात आता एक नियम आहे. फलक पुरा झाला की जिचा तिनं घरी न्यायचा. केंद्रात ठेवायचा नाही, भिंतीला लावायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही. कुणाला बघायचा असेल तर बाईनं तो हातात धरून दाखवायचा. जिथं बाईला बोलावलेलं नाही, तिथं तिचा फलकही जाणार नाही. सर म्हणतात, ह्यानं भिंती मोकळ्या दिसतात. दिसू देत.